घोडीवरून उतरल्यावर

"उतरा," सर म्हणाले.

मला वाटलं, आजचा तास संपला. दोन्ही पाय रिकिबीतून काढून मी घसरत खाली आले आणि घोडीच्या मानेवर थाप मारायला वळले. सर तोवर तिचं खोगीर उतरवत होते. घामानं ओल्या झालेल्या पाठीवर, कण्याच्या उजव्या अंगाला, लिंबाएवढी सूज आली होती. सरांनी तिच्यावर तळहात ठेवला तसं घोडीचं कातडं थरथरलं.

"ही तुमच्यामुळे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुमचा सगळा भार उजवीकडे पडतो. तीन रविवार बघतोय मी. चूक माझीच, आधी थांबवायला हवं होतं. आता चार महिने घोडीवर बसायचं नाही."

"चार महिने?"

"पावसाळाच आहे. कातळ निसरडा होईल, तसंही फिरवता आलं नसतं. तोवर जमिनीवर शिका. निम्मी घोडेस्वारी जमिनीवरच होते, बाई."

तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी. नवरा मुंबईला, महिन्यातून दोनदा घरी येणारा. घरी मी आणि सासूबाई. घोड्याशी माझा काडीचाही संबंध नव्हता. फाल्गुनात एक सडपातळ, ताठ कण्याचे गृहस्थ ग्रंथालयात आले आणि घोड्याच्या खुरांच्या आजारांवर काही पुस्तक आहे का म्हणून विचारू लागले. बोलणं घाटावरचं. पोलिसांच्या घोडदळात नव्या शिपायांना घोड्यावर बसायला शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर बायकोच्या माहेरच्या गावी, खाडीवरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. बायको वारली, ते मात्र तिथेच राहिले. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवून फिरवून थकलेली एक घोडी त्यांनी आणून सांभाळली होती. पुस्तक आमच्याकडे नव्हतं. मी दुसरीकडून मागवलं आणि एका रविवारी स्वतःच पोचवायला गेले. घोडीनं माझ्या खांद्याला नाक लावलं, गरम श्वास सोडला. मी विचारून बसले, "मला शिकवाल?"

सासूबाई ऐकून म्हणाल्या होत्या, "ह्या वयात? वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच गो!"

आणि आता तीन महिन्यांतच मी त्या मुक्या जनावराला दुखापत केली होती. त्या दिवशी घरी येताना स्कूटी चालवतानाही मला आपण उजवीकडे कललोय असंच वाटत राहिलं.

पुढच्या रविवारी ओहोटीच्या वेळेला सरांनी मला भाट्याच्या किनाऱ्यावर बोलावलं. आभाळ खाली आलेलं होतं, समुद्र मातकट. माणूस दिसत नव्हता. त्यांनी मला चपला काढायला लावल्या आणि सुरूच्या झाडांकडून पाण्याकडे सरळ चालायला सांगितलं.

"आता मागं वळून बघा."

ओल्या वाळूत माझी पावलं उमटली होती. उजव्या पावलाची टाच खोल रुतली होती, तिच्यात पाणी साचायला लागलं होतं. डावं पाऊल नुसतं टेकल्यासारखं दिसत होतं, जणू एखादा पाहुणा संकोचून उभा राहिला असावा. आणि मी चालले होते ती ओळही सरळ नव्हती. ती हळूहळू उजवीकडे वळत गेली होती.

"डाव्या पायाला काय झालं होतं?" सरांनी विचारलं.

मला आधी काही आठवेना. मग आठवलं. दहा वर्षांची असताना कैरीसाठी गडग्याच्या दगडी कुंपणावर चढले होते. दगड निसटला आणि घोट्याचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं. नंतर पाय बरा झाला, सगळे म्हणाले आता काही राहिलं नाही, मीही विसरले. पण त्या पायावर भार टाकायचं मी तेव्हा जे थांबवलं होतं ते पुन्हा कधी सुरूच केलं नव्हतं. सदतीस वर्षं. माझं लग्न झालं, मूल झालं, ते शिकून परगावी गेलं, आणि इतका वेळ मी एका पायावर उभी होते.

पावलांकडे बघता बघता एक लाट आली आणि त्यांच्यावरून फिरून गेली.

तेव्हापासूनचे महिने मला सलग आठवत नाहीत. स्वप्नातल्यासारखे तुकडे आठवतात. सरांनी जे सांगितलं ते फार साधं होतं. दात घासताना डाव्या पायावर उभं राहायचं. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा हळूहळू खाली सोडायच्या, कारण घोड्यावर बसल्यावर टाच अशीच खाली हवी. रोज शंभर पावलं मागे मागे चालायचं. आणि झोपाळ्यावर ताठ बसून, दोन हातांत पाण्यानं भरलेली दोन फुलपात्रं धरून, पाणी न सांडता झोके घ्यायचे.

"शरीर हललं तरी हात हलले नाहीत पाहिजेत," सर म्हणाले होते. "लगाम हातात असतो. लगामाचं दुसरं टोक घोडीच्या तोंडात. तुम्ही दचकलात की तिथं झटका बसतो."

आमच्या पडवीत एक साधा फळीचा झोपाळा आहे. संध्याकाळी मी त्यावर बसायची आणि सासूबाई खुर्चीवरून पायाच्या अंगठ्यानं झोका द्यायच्या. पहिल्या आठवड्यात माझं लुगडं-परकर काही कोरडं राहिलं नाही, असं सासूबाई म्हणायच्या; खरं तर मी सलवारच घालते. "सांडलंस गो!" त्या टाळी वाजवून ओरडायच्या. बाहेर पाऊस माडांवरून एका लयीत चाललेला असायचा. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या. कधीतरी पाणी सांडायचं थांबलं आणि मला ते कळलंच नाही. सासूबाई गप्प झाल्या म्हणून मी मिटलेले डोळे उघडले. फुलपात्रातल्या पाण्यात पडवीचा दिवा स्थिर होता.

घोडी दिसत नव्हती, पण ती सगळीकडे होती. ग्रंथालयात वरच्या फळीवर पुस्तकं लावताना मी टाचा उचलायची आणि मांड्यांच्या आतून तिची उबदार कूस जाणवायची. पंख्याचा आवाज तिच्या दुडक्या चालीसारखा यायचा. दुपारी पत्र्यावर पाऊस वाढला की ती कुठेतरी जवळून गेली असं वाटून मी खिडकीकडे बघायची. तिचा रंग जांभ्या दगडासारखा तांबडा होता. ऊन कललं की ती कातळावर उभी असूनही पटकन दिसायची नाही, फक्त शेपटी हलली की कळायचं. त्या दिवसांत माझ्या मनात ती तशीच होती.

गणपतीला नवरा घरी आला. तो सकाळी स्वयंपाकघरात आला तेव्हा मी ओट्याशी आणि सासूबाई खिडकीच्या गजाला धरून, अशा दोघीही एका पायावर उभ्या होतो.

"दोघींना झालंय काय?" त्यानं विचारलं.

"हिला घोडीवर बसायचंय," सासूबाई म्हणाल्या. "मला न्हाणीघरात पडायचं नाहीये."

विसर्जनानंतर दोन दिवसांनी सरांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. सर पहाटे घोडीला गवत घालायला निघाले आणि शेवाळलेल्या कातळावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. पुण्याहून त्यांची मुलगी आली होती.

मी दहा दिवसांनी गेले, ते घरी आल्यावर. सडा तेव्हा फुलांनी भरलेला होता. कातळाच्या प्रत्येक खोलगट जागी निळीजांभळी, पिवळी, इवलीइवली फुलं, मैलभर. धुकं त्यांच्यावरून सरकत होतं. आणि त्या सगळ्याकडे पाठ करून सर पडवीत खुर्चीवर बसले होते. त्यांचा ताठ कणा मी पहिल्यांदाच वाकलेला पाहिला.

मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "डॉक्टरांनी वॉकर दिलाय, व्यायाम लिहून दिलेत. बाबा कशाला हातच लावत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं, आता स्वतःचं म्हटलं की नको. मी त्यांना पुण्याला नेणार आहे. घोडीचं काहीतरी बघावं लागेल."

सरांना ते ऐकू गेलं असावं.

मी घोडीकडे गेले. तिच्या पाठीवरची सूज उतरली होती, पण बांधून ठेवल्यामुळे ती सुस्तावली होती. मी तिला दोरीनं धरून फुलांच्या कडेकडेनं फिरवून आणलं. दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर पुन्हा गेले. मग रोजच जायला लागले. घोडीला फिरवायचं, खरारा करायचा आणि निघताना सरांच्या पडवीच्या पायरीवर माझा टाचांचा व्यायाम करायचा, कारण घरी पोचेपर्यंत अंधार व्हायचा आणि तो राहून जायचा. सर माझ्याकडे बघायचे नाहीत. निदान मला तसं वाटायचं.

आठवड्यानं, मी अशीच पायरीवर उभी असताना मागून आवाज आला, "ढकलताय तुम्ही."

"काय?"

"टाच. टाच खाली सोडायची असते. तुम्ही ढकलताय."

"सोडलीये की."

"ढकललीये. गुडघा बघा कसा ताठलाय."

"मला माझा गुडघा मागून कसा दिसणार, सर?"

"अहो, कितीदा सांगायचं? जड पिशवी जमिनीवर ठेवतो तशी. आदळायची नाही. टेकेपर्यंत सोबत जायचं. थांबा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. सरांनी वॉकर पुढे ओढला होता आणि त्यावर भार देत ते उठत होते. मधे एकदा थांबले, ओठ घट्ट मिटले, मग उभे राहिले. चार पावलं टाकून खांबाशी आले. एक हात खांबाला, एक वॉकरला. "हे बघा," म्हणून त्यांनी धड असलेल्या पायाची टाच इंचभर उचलली आणि इतकी सावकाश खाली सोडली की ती कधी टेकली ते मला दिसलंच नाही.

दारात त्यांची मुलगी चहाचे कप घेऊन उभी होती.

"बाबा, बसा आता," ती अगदी हळू म्हणाली.

"थांब गं. ह्यांना जमत नाहीये."

मग त्यांचं स्वतःच्या पायांकडे लक्ष गेलं. समोर सड्यावर ऊन आलं होतं. तेव्हा कुठे त्यांनी वर मान करून फुलांकडे बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बरोबर करू लागलो. ते वॉकर धरून, मी पायरीवर. ते मला सुधारायचे आणि मुलीनं भिंतीला चिकटवलेला डॉक्टरांचा कागद बघून मी त्यांना सुधारायची. ते चिडायचे. "पोलिसात असतो तर तुम्हाला तीन फेऱ्या मारायला लावल्या असत्या," म्हणायचे. त्यांचा मोडलेला पाय उचलताना कपाळावर घाम यायचा आणि मी दुसरीकडे बघायची, कारण त्यांना ते आवडलं नसतं. दुखतं का, असं मी एकदाच विचारलं.

"दुखतं. पण भीती जास्त वाटते," ते म्हणाले. "आता कळलं, तुमच्या त्या पायाला सदतीस वर्षं काय वाटत होतं."

मुलगी दिवाळीपर्यंत राहिली आणि मग एकटीच पुण्याला गेली. जाताना मला म्हणाली, "मावशी, तुम्ही येताय तोवर ठीक आहे. पण मला रोज फोन करायला सांगा त्यांना." ते करायचे. दोन वाक्यं बोलून ठेवून द्यायचे.

कार्तिकात सरांनी मला शेवटचा धडा दिला. "होडीत उभ्या राहा," ते म्हणाले. "बसायचं नाही, काही धरायचं नाही. खालचं हलतं तेव्हा काय करायचं ते कातळावर शिकता येत नाही."

खाडीत एक म्हातारा नावाडी लोकांना या काठावरून त्या काठाला नेतो. मी त्याच्या होडीत मधोमध उभी राहिले तेव्हा तो वल्हं थांबवून बघत राहिला.

"बाय, बस ना. पडशील."

मी त्याला सगळं सांगितलं. घोडी, सूज, डावा पाय. त्यानं ऐकून घेतलं आणि आश्चर्य वाटल्याचं काही दाखवलं नाही.

"मग गुडघं ताठ नको ठेवू," तो म्हणाला. "ताठ ऱ्हायलीस की होडी टाकणार तुला. सैल सोड. आणि पाण्याकडं नको बघू, समोरच्या माडांकडं बघ."

पहिल्या दिवशी मी तीनदा त्याच्या खांद्याला धरलं. चौथ्या-पाचव्या दिवशी एकदाच. मग एका संध्याकाळी भरती लागलेली असताना आम्ही खाडीच्या मध्यावर होतो. पाणी पितळेच्या रंगाचं झालं होतं. वल्ह्याचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. होडी डावीकडे कलली आणि माझा भार डाव्या पायावर गेला, पूर्ण गेला, आणि तिथेच राहिला. काही झालं नाही. पाय मोडला नाही, दगड निसटला नाही. मग होडी उजवीकडे आली, मीही आले. पुन्हा डावीकडे. माझे पाय कुठे संपतात आणि होडीची फळी कुठे सुरू होते ते मला कळेनासं झालं. समोरचे माड हलत होते की मी, तेही. डोळ्यांतून पाणी आलं ते वाऱ्यानंच, असं मी नावाड्याला सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं.

चाराचे साडेपाच महिने झाले होते. मार्गशीर्षातल्या एका सकाळी सरांनी घोडीवर खोगीर चढवलं. आता त्यांच्या हातात वॉकरऐवजी काठी होती. कातळावर त्यांनी पन्नास पावलांवर दोन चिरे मांडून ठेवले होते. एकाकडून दुसऱ्याकडे सरळ जायचं, एवढंच. पूर्वी याच ओळीवर घोडी दर वेळी उजवीकडे काजूच्या झाडाकडे ओढली जायची आणि मी लगाम खेचून तिला परत आणायची. तिला काजूचा पाला आवडतो, अशी माझी समजूत होती.

मी बसले. इतक्या महिन्यांनी तिच्या उंचीवरून सडा वेगळाच दिसत होता. गवत पिवळं पडलेलं, पलीकडे समुद्राची फिकट पट्टी. मी श्वास सोडला. घोडी चालू लागली. दोन्ही बैठकीची हाडं मला वेगवेगळी जाणवत होती, एक उठलं की दुसरं टेकत होतं, आणि दोन्हींवर मी सारखीच होते. हात गप्प होते. मी तिला काही सांगितलं नाही. काजूचं झाड उजव्या हाताला आलं आणि मागे गेलं.

घोडी दुसऱ्या चिऱ्याशी जाऊन आपली आपण थांबली.

मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"कान बघा तिचे," ते म्हणाले.

घोडीचे कान दोन्ही बाजूंना सैल पडले होते. खालचा ओठ लोंबत होता. ती जवळजवळ पेंगत होती.

"पहिल्या दिवसापासून ती तुमच्या खाली हे कान मागं आवळून चालत होती. मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगून सुटलं नसतं ते." मग काठीनं त्यांनी पुढे खूण केली. "चला. आता दुडकी."

त्यानंतर तीन हिवाळे मी तिच्यावर बसले. ओहोटीला भाट्याच्या घट्ट वाळूवर आम्ही दोघी चौखूर गेलो तेही दिवस आले. त्यांतला वारा अजून कानात आहे. सर मात्र पुन्हा घोड्यावर बसले नाहीत. डॉक्टरांनी मनाई केली होती आणि त्यांनीही हट्ट धरला नाही. एकदाच मी विचारलं, "वाईट वाटत नाही?" तर म्हणाले, "वाटतं. पण चालता येतंय."

गेल्या वर्षी घोडीच्या पुढच्या पायांचे सांधे धरले. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता पाठीवर कुणाला घेऊ नका, पण रोज हलकं फिरवा. खोगीर तेल लावून, कापडात गुंडाळून सरांच्या माळ्यावर गेलं. मी त्या रात्री नीट जेवले नाही. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं.

सवयीनं सकाळी दात घासताना मी अजून एका पायावर उभी राहते. कशासाठी, ते मला आता सांगता येणार नाही.

रविवारी आम्ही तिघं फिरायला जातो. सर काठी टेकत, घोडी मान खाली घालून, मी दोघांच्या मध्ये. दोरी नावालाच हातात असते. गेल्या रविवारी आम्ही सड्याच्या टोकापर्यंत गेलो, जिथून खाडी समुद्राला मिळताना दिसते. हवेत मोहराचा वास होता. घोडीला गडग्याच्या सावलीत थोडं हिरवं गवत सापडलं. सर एका दगडावर बसले आणि डोळे मिटून घेतले. खाली मासेमारीचा एक मचवा बाहेर निघाला होता, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि मग यायचा थांबला. परत निघू या असं कुणीच म्हणालं नाही. ऊन वाढल्यावर घोडी स्वतःच वळली, आणि आम्ही तिच्या मागोमाग घराकडे निघालो.